घराखालची जमीन : चरीच्या कुळांची नातवंडं आणि आजच्या कातकरी वाड्या

कनकेश्वर_पायथा (धागाकर्ती)

अलिबाग तालुक्यात वाढलेल्या प्रत्येकाने चरीच्या संपाबद्दल ऐकलेलं असतं. २७ ऑक्टोबर १९३३ला कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही, आणि १९३९पर्यंत ती माणसं त्या शब्दाला जागली. शेतकऱ्यांचे नेते नारायण नागू पाटलांच्या पाठीशी पंचवीस गावं उभी होती. शेतं ओस पडली, लोकांनी रानातल्या मोळ्या विकल्या, मिळेल तिथे मजुरी केली, पण खोताच्या बांधावर पाय ठेवला नाही. संप चालू असतानाच, १७ सप्टेंबर १९३७ला, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. मग १९३९चा आणि १९४८चा कुळकायदा आला, १९४९चा खोती निर्मूलन कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ला कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक झालं. आमची भातखाचरं त्या तारखेमुळे आमची आहेत.

मला विचारायचंय ते त्या तारखेला कागदावर नसलेल्या माणसांबद्दल.

खोताच्या शेतावर कुळाखेरीज आणखी एक जण राबत होता, तो म्हणजे आदिवासी कातकरी. बांधबंदिस्तीला, लावणी-कापणीला, रात्री राखणीला, लाकडं फोडायला त्याला हाक मारायची. राहायला माळाच्या कडेला जागा द्यायची, तिथे त्याने कुडाच्या भिंती उभारायच्या आणि वर पेंढा घालायचा. कुळाचं नाव पिकपाण्याच्या रकान्यात सापडत होतं, खंडाची पावती होती, निदान साक्ष द्यायला चार माणसं होती. कातकरी खंड भरत नव्हता, नुसता राबत होता, त्यामुळे त्याचं नाव कुठल्याच रकान्यात आलं नाही. जमीन खोताकडून कुळाकडे आली तेव्हा माळावरची वाडीही जमिनीसोबत आली. वाडीच्या दृष्टीने फक्त मालक बदलला.

आणि तो नवा मालक म्हणजे आपण. चरीचा वारसा सांगणारी आपली घरं.

इतकी वर्षं या गोष्टीने फार काही बिघडलं नाही असं आपण धरून चाललो, कारण माळाला किंमत नव्हती. आता आहे. मार्च २०२०मध्ये मांडव्याला मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट लागली, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि ज्या खडकाळ माळावर नाचणीसुद्धा धड होत नव्हती तिथे गुंठ्याचे भाव विचारायला मुंबईहून गाड्या येतात. विकत घेणारा सातबारा बघतो. सातबाऱ्यावर वाडी नसते. व्यवहार झाला की आधी जांभ्याची भिंत उठते आणि मग वाडीला सांगितलं जातं की तुम्ही अतिक्रमणात आहात. तीन पिढ्या जिथे मेल्या आणि जन्मल्या तिथे!

माझ्या माहितीतल्या एका वाडीची विहीर अशी भिंतीच्या आत गेली. खाडीवर उतरायची पायवाटही गेली. त्या बायका ओहोटीला खाडीत उतरून चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या धरतात आणि बाजारात टोपली घेऊन बसतात. घरात रोख पैसा येतो तो तिथूनच. आता वळसा घालून जाईपर्यंत भरतीची वेळ होते. पाण्याचा हंडा शेजारच्या गावातून आणावा लागतो आणि तिथेही कुणाचं तोंड बघून पाणी भरायचं ते ठरलेलं आहे.

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे म्हणून एक आठवण करून देते. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. २० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि हजारो माणसं ओंजळ भरायला गेली. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले ते काय म्हणत? तळं खासगी मालकीचं आहे. या एका मुद्द्यावर दावा दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ला उच्च न्यायालयाने तो फेटाळला. आज विहिरीभोवती भिंत घालणारा जात काढत नाही. तोही मालकी काढतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घराखालची जागा ज्याच्या नावावर नाही त्याला बाकीचे हक्क मागताच येत नाहीत. मजुरी कमी दिली तर बोलायचं कुणाला? ज्याच्या शेतावर जायचं त्याच्याच जागेवर चूल आहे. पोरीला कुणी त्रास दिला तर पोलीस पाटलाकडे जायचं कसं? मत सुद्धा मोकळेपणाने देता येत नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, १० डिसेंबर १९४८च्या, सहावं कलम आहे की प्रत्येकाला कायद्यापुढे व्यक्ती म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क आहे. आपल्याकडे ही मान्यता सातबाऱ्यावरून मिळते, हे चरीच्या नातवंडांइतकं कुणाला कळणार?

इथे महसूल खात्यातली, वकिली करणारी मंडळी आहेत. वाडीखालची जागा वाडीच्या नावावर करायचे कोणते रस्ते आज उघडे आहेत ते सांगा. आणि ज्यांचे माळ आहेत त्यांनीही बोला, गप्प राहू नका.


निवृत्त_तलाठी

ताई, मुद्दा बरोबर आहे आणि रस्ते आहेत. लोकांना वाटतं कुळकायदा म्हणजे फक्त शेतजमीन. १९४८च्या त्याच कायद्यात कलम १६ ते १८ घराखालच्या जागेविषयी आहेत. मालकाच्या जागेवर स्वखर्चाने घर बांधून राहणाऱ्याला हुसकता येत नाही, जागा विकायची तर पहिला हक्क त्याचा, आणि हे संरक्षण कुळापुरतं न ठेवता गावातल्या शेतमजुराला आणि कारागिरालाही दिलेलं आहे. कातकरी शेतमजूरच आहे.

अडचण पुराव्याची. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही पण वहिवाट सिद्ध करते. म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा, जितका जुना उतारा मिळेल तितका काढा. जुन्या मतदार याद्या, शाळेचं जनरल रजिस्टर, रेशनकार्ड, वीजबिल, लसीकरणाच्या नोंदी, सगळं जमवा. वाडीत शाळा किंवा अंगणवाडी असेल तर ती कोणत्या साली सुरू झाली तो कागद फार कामाला येतो. सरकारने स्वतः तिथे शाळा चालवली म्हणजे तिथे वस्ती होती, यावर वाद घालायला जागा उरत नाही.

दुसरा रस्ता गावठाण विस्ताराचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात. आताच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली ती गावठाणाची. वाडी गावठाणाबाहेर राहिली की तिला मिळकत पत्रिकाही नाही. हद्दीचा प्रश्न आधी सोडवायला हवा तो यासाठी.

वाडी वनजमिनीवर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे २००६चा वन हक्क कायदा, १३ डिसेंबर २००५पूर्वीचा कब्जा आणि ग्रामसभेची वन हक्क समिती. पेण, रोहा, सुधागडकडच्या दळी जमिनींचे (वनखात्याने कसायला दिलेल्या डोंगरउतारावरच्या) दावे याच कायद्याखाली गेले. कुठली जागा कोणाची आहे हे आधी बघितल्याशिवाय अर्ज लिहू नका. चुकीच्या कायद्याखाली अर्ज गेला की दोन-तीन वर्षं फुकट जातात.

खाडीच्या वाटेचं तातडीने बघा. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.


अवचितगड

माझा माळ आहे. वाडीही आहे. ताईंनी बोला म्हटलंय म्हणून बोलतो.

माझ्या वडिलांनी कुणाला हाकललं नाही आणि मीही हाकलणार नाही. पण चार भावांत ती जमीन, दोघे मुंबईला, त्यांना विकायची आहे. मुलींचं शिक्षण, आजारपण, सगळं त्या माळावर आहे. भातशेतीत काय उरतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठे जमीनदार, कंपन्या, बंगलेवाले सोडून न्यायाचा भार पुन्हा लहान शेतकऱ्यानेच का उचलायचा? सरकारने वाडीची जागा आमच्याकडून रीतसर पैसे देऊन घ्यावी. मी उद्या सही करतो.


कनकेश्वर_पायथा

दादा, तुमचं बोलणं मला पटतं आणि बरं वाटलं की तुम्ही लिहिलंत. हिशोब मात्र पुरा मांडू या. वीस-पंचवीस घरांच्या वाडीखाली अंगणासकट फार तर एखादा एकर जातो. माळ त्याच्या कित्येक पट. वाडीपुरता तुकडा विक्रीच्या आधी मोजून वेगळा काढला, त्याची पोटहिस्सा म्हणून नोंद केली, तर बाकीचा माळ विकायला तुम्हाला कुणी अडवत नाही. सरकारने मोबदला द्यावा ही मागणी आपण दोन्ही बाजूंनी मिळून करू. पण विक्री आधी आणि मोजणी मग असं झालं तर सही करायला तुम्ही मालकच राहणार नाही. घेणाऱ्याला तुमच्या वडिलांचा शब्द माहीत नसतो.


भट्टी_पेण

धागा जमिनीचा आहे तरी मजुरीचा विषय निघालाच आहे, म्हणून लिहितो. माझी वीटभट्टी आहे. दरवेळी आम्हाला वेठबिगारीवाले म्हणून रंगवलं जातं. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, आम्ही गळ्यात बांधत नाही, माणसं मागायला येतात. दिवाळीआधी हातावर पैसे टेकवले नाहीत तर जोडी दुसऱ्या भट्टीवर जाते. कितीतरी जण उचल घेऊन मधेच पळून जातात, तो पैसा बुडतो तो आमचा. पाऊस लवकर आला तर पूर्ण कच्चा माल चिखल होतो. आम्हीही कर्ज काढूनच धंदा करतो.


कुंडलिका_वकील

भट्टीवाले दादा, तुमच्या धंद्यातली जोखीम खरी आहे, पण ती कायद्याने मजुरावर टाकता येत नाही.

राज्यघटनेच्या कलम २३ने वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी बंद केली. सक्ती म्हणजे हातात काठी असलीच पाहिजे असं नाही. १९८२मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी काम करत असेल तर उपासमारीपोटी आलेली सक्ती हीसुद्धा सक्तीच. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात तर कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायला मनाई केली, की प्रकरण त्या कायद्यात येतं. तुम्ही 'पळून गेले' म्हणता. काम सोडून जाण्याला पळून जाणं म्हणावं लागतं, तिथेच काहीतरी चुकतंय.

सुटका झालेल्यांसाठी २०१६ची केंद्राची पुनर्वसन योजना आहे, प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अत्यंत गंभीर प्रकरणात ३ लाख. पूर्ण रक्कम मात्र गुन्हा सिद्ध होण्यावर अडते आणि खटले लांबतात. आधी मुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो देताना अधिकारी कचरतात, कारण दाखला दिला म्हणजे आपल्या तालुक्यात वेठबिगारी आहे हे लेखी मान्य करणं आलं.

जागेच्या बाबतीत एक गोष्ट कुणी काढली नाही. कातकरी हा केंद्राच्या यादीतला अतिमागास आदिम समूह आहे. महाराष्ट्रात असे तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. तरी रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे घटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रात नाहीत. त्यामुळे त्या क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा इथे लागू नाही. पालघरच्या पाड्याला ग्रामसभेचे जे अधिकार आहेत ते रायगडच्या वाडीला नाहीत. इथली वाडी बहुधा मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत असते, आणि गावच्या सभेत वाडीचं मत कायम अल्पमतात.

अत्याचार प्रतिबंध कायदा मात्र सगळीकडे लागू आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाला त्याच्या कब्जातल्या जागेवरून बेकायदा हुसकणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. भिंत घालणाऱ्यांच्या वकिलांना हे माहीत असतं. वाडीला माहीत नसतं.


तेरेखोलकाठ

आमच्या सिंधुदुर्गात पण तुमच्यासारखीच गोष्ट. इथे बेदखल कुळांचे प्रश्न अजून संपलेले नाहीत, घर आपलं आणि जमीन कुणा तिसऱ्याची. कुणबी, गाबीत, भंडारी घरं सुद्धा यात अडकली आहेत. कातकरी समाजाला इकडे वानरमारे म्हणतात. त्यांच्या वस्त्या वर्षानुवर्षं झाडाखाली, प्लास्टिकच्या कागदाखाली. जातीचा दाखला मागायला गेलं की नावावरूनच अडतं.


वाडीचा_पोर

मी कातकरी आहे, सुधागड तालुक्यातला. बी.ए. केलंय. आमच्याबद्दल सगळे लिहितायत, म्हणून मीही लिहितो.

भट्टीवाले दादांना सांगायचंय. माणसं मागायला येतात हे खरं आहे. लावणी झालेली असते, कापणी लांब असते, घरात तांदूळ नसतो, रानात कंद संपलेले असतात. भट्टीसाठी मजूर ठरवणारा मुकादम वाडीत येतो तो नेमका तेव्हा. उचल घेतली की आई आणि बाबा मिळून एक जोडी धरतात. हजार विटांचा दर जोडीला. आईच्या नावाने हिशोब नसतो, पहाटे दोनला उठून माती कालवायला मात्र दोघं असतात. बाजाराच्या दिवशी खर्ची, म्हणजे हातखर्चाचे पैसे, मिळते ती वहीत लिहितात आणि वही शेठकडे. पावसाच्या तोंडावर फेड होते तेव्हा वही सांगेल ते.

लोक म्हणतात शिक्षण नाही म्हणून फसवतात. मला वाचता येतं. मी वही बघायला मागितली. त्यावर बाबांना निरोप आला की पुढच्या वर्षी दुसरी भट्टी बघा. आणि आमचं घर ज्या जागेवर आहे ती मुकादमाच्या भावकीची आहे. मग आईने मला गप्प बसवलं. ताईंनी वर लिहिलंय ते आमच्या घरात असं घडतं.

मी आश्रमशाळेत होतो म्हणून शिकलो. माझी बहीण आईसोबत भट्टीवर गेली, विटा पलटायला. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, त्यावर दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. तिला ते कार्ड कुणी दिलं नाही, आणि भट्टीपासून शाळा लांब होती.

दाखल्याचं पण सांगतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा राहण्याचा पुरावा मागतात. माझे आजोबा तेव्हा कोळसाभट्टीवर होते की कुणाच्या राखणीला, हे लिहून कोण ठेवणार? माझं काम गृहचौकशी होऊन झालं, एका चांगल्या अधिकाऱ्यामुळे. वाडीतल्या निम्म्या लोकांचं अजून बाकी आहे.

नवी घरं आली आहेत. नोव्हेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये, आमच्यासारख्या आदिम समूहांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, आमच्या वाडीत नावं मंजूर आहेत. पण घर बांधायला जागा नावावर पाहिजे, नाहीतर मालकाचं संमतीपत्र. मालक म्हणतो पक्कं घर झालं की तुम्ही कायमचे बसाल. पैसे मंजूर असून आम्ही गवताच्या छपरात आहोत.


भट्टी_पेण

पोरा, वाचलं. तुझ्या बाबांना ज्याने निरोप पाठवला त्याची बाजू मी घेणार नाही.

उचल बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं अजून पटत नाही, कारण श्रावणात त्या घरी दुसरं कोण पैसे देणार ते कुणी सांगत नाही. पण वहीची नक्कल मजुराकडे असावी आणि बाईचा हिशोब वेगळा लिहावा, यात माझं काही जात नाही. माझ्या भट्टीवर या दसऱ्यापासून करतो. खर्चीची पावतीही देतो. बाकीच्या मालकांचं मी सांगू शकत नाही.


कुंडलिका_वकील

हे लिहिल्याबद्दल आभार, दादा. नक्कल मराठीत, आकडे ठळक, आणि दर हजारी किती ते पहिल्या पानावर असू द्या. किमान वेतनाचा दर मात्र पाळावाच लागेल, तो तुमच्या-त्यांच्या संमतीने कमी होत नाही. श्रावणातल्या पैशाचा प्रश्न तुम्ही रास्त काढलात. रोजगार हमीचं काम पावसाळ्याच्या शेवटी वाडीत निघालं आणि मजुरी वेळेवर मिळाली तर मुकादमाची गरज कमी होते. मागणीचा अर्ज लेखी द्या आणि पोचपावती घ्या. पावती नसेल तर काम मागितलंच नाही असं धरतात.


निवृत्त_तलाठी

वाडीच्या पोरा, संमतीपत्राच्या मागे लागू नकोस. मालक देणार नाही आणि दिलं तरी उद्या फिरेल. दोन अर्ज एकदम करायचे. एक तहसीलदारांकडे, घराखालच्या जागेचा, कुळकायद्याखाली. दुसरा गावठाण विस्ताराचा, ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे. दोन्हीत घरनिहाय यादी जोडायची, नवरा-बायको दोघांची नावं घालून. फक्त पुरुषाचं नाव घातलं तर पुढच्या पिढीत तेच भांडण बाईच्या वाट्याला येतं.


वाडीचा_पोर

काका, ग्रामसभेबद्दल एक अडचण आहे. २६ जानेवारी आणि १ मेच्या सभेला वाडीत म्हातारी माणसं सोडून कुणी नसतं, सगळे भट्टीवर. गावचे लोक सभा घेऊन मोकळे होतात आणि नंतर म्हणतात तुमचं कुणी बोललंच नाही. आमची माणसं असतात ती १५ ऑगस्टला. २ ऑक्टोबरला पण बहुतेक असतात, दसरा लवकर आला नाही तर.


कनकेश्वर_पायथा

मग १५ ऑगस्टच धरू. ठरावाचा विषय सभेच्या नोटिशीत आधी यायला हवा, त्यासाठी वाडीच्या सह्या-अंगठ्यांचं पत्र जुलैमध्ये ग्रामसेवकाकडे पोचलं पाहिजे. मसुदा मी लिहिते, वकीलताई तपासतील. अवचितगड दादा, तुमच्या माळावरच्या वाडीचा तुकडाही याच सुमारास मोजायला घालाल का? भावांशी बोलायला मी आणि तलाठीकाका येतो.


अवचितगड

या. मुंबईचे दोघे गणपतीला घरी येतात, तेव्हा चौघे एकत्र भेटतील. मोजणीच्या फीचा आकडा आधी काढून ठेवा, पहिला प्रश्न तोच निघणार. माझ्या वाट्याची मी भरतो.


निवृत्त_तलाठी

फी भूमी अभिलेख कार्यालयात विचारून कळवतो. पोरा, तू तुमच्या वाडीचा गट नंबर आणि गावाचं नाव मला निरोपातून पाठव. सातबारा, जुने फेरफार आणि नमुना ८ मी काढायला लावतो. रविवारी वाडीत येईन म्हणतो, पण बाजाराचा दिवस असेल तर सांग, बायका घरी असतील असाच दिवस ठरवू. कुठल्या घरात कधीपासून कोण राहतं हे त्याच नीट सांगतील.